पदकं दुकानात ठेवू नका, घासू तर मुळीच नका

प्रश्न : नमस्कार. दारव्हा तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मला जुन्या नाण्यांची आवड आहे. मावसभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्यानं मला दोन मेडलं आणून दिली. एक तांबूस आहे, १९६० नंतरचं, त्यावर इंग्रजीत ‘ॲन्युअल असे’ लिहिलं आहे. दुसरं १९७७ चं, शिशासारखं राखाडी. तिकडच्या टांकसाळीत नाण्यांची तपासणी व्हायची, तिची ही आठवण आहे एवढंच तो म्हणाला. सध्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, नाण्यांच्या अल्बममध्ये ठेवली आहेत. तांबूस मेडलवर हिरवट चिकट काहीतरी दिसू लागलं आहे. आई म्हणते, चिंच लावून घासून देते. ही अस्सल आहेत का? असा संग्रह वाढवायचा तर कसा? पावसाळ्यात कशी जपू? शिवाय गावातला एक जण १८१८ चं राम दरबाराचं नाणं आणि शेतात सापडलेले चांदीचे रुपये घे म्हणून मागं लागला आहे. घेऊ का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पुढचं सगळं निवांत वाचा, पण आधी एक काम उरका. दोन्ही पदकं आजच अल्बममधून काढा आणि दुकानातून घरी न्या. तांब्याच्या आणि चांदीच्या वस्तूंना खतं-औषधांच्या दुकानाइतकी वाईट जागा दुसरी नाही.

ओल धरलेल्या युरियाच्या, अमोनियम सल्फेटच्या पोत्यांतून अमोनिया सुटतो, तो वास तुमच्या ओळखीचाच आहे. तांबं ज्यात आहे अशा प्रत्येक धातूला अमोनिया खातो. ब्राँझ, म्हणजे तुमच्या तांबूस पदकाचा धातू, निळसर-हिरवं पडतं. पितळेच्या वस्तूत घडवताना बसलेला ताण शिल्लक असेल तर तिला चक्क भेगा जातात. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं इथं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि हवेतली ओल मिळून हे होतं, हे नंतर उमगलं. म्हणून घरी नेल्यावर गोठ्याला लागून असलेली खोलीही टाळा. दुसरा शत्रू गंधक. संत्र्यावरच्या कोळीसाठी, भुरीसाठी तुम्ही जी ८० टक्के गंधकाची भुकटी विकता, ती ठेवलेल्या खोलीत चांदी काळी पडणारच. तिसरी ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन ब्राँझमध्ये शिरला की फिकट हिरवी भुकटी धरते. ती पुसली तरी पुन्हा येते आणि धातूला खड्डे पाडत जाते. अशी भुकटी कधी दिसलीच तर ती वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या डबीत टाका.

तुमच्या पदकावरचा चिकट थर मात्र बहुतेक अल्बमची देणगी आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अल्बमचे मऊ, लवचीक खिसे पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य उन्हाळ्यात बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी सडताना आम्ल सुटतं. यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात हे काम किती झपाट्यानं होत असेल ते सांगायला नको. चिकट आणि हिरवं एकत्र दिसलं की पीव्हीसी समजायचं. कोरडी भुकटी दिसली तर क्लोरीनचा संशय घ्यायचा.

हा चिकट थर निघतो, तोही न घासता. शुद्ध ॲसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालणार नाही, त्यात तेल, रंग आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत पदक बुडेल इतकं ॲसिटोन घाला, वर झाकण ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुचकळून काढा आणि मऊ सुती कापडावर आपोआप वाळू द्या. बोटानं, ब्रशनं चोळू नका. थर विरघळून जातो, पण त्याच्यासोबत विरघळलेला कचरा दुसऱ्या वाटीत धुतला नाही तर वाळल्यावर पुन्हा पदकावरच बसतो, म्हणून दोन वाट्या. हे काम अंगणात करा. ॲसिटोनची वाफ लांबच्या चुलीवरूनही पेट घेते. एक गोष्ट आधी बघून घ्या. काही ब्राँझ पदकांवर पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो, तो ॲसिटोननं निघून जातो. तिरप्या उजेडात पृष्ठभाग वार्निश केल्यासारखा सलग चमकत असेल, तर बुडवू नका, कापसाच्या बोळ्यानं फक्त चिकट जागा टिपा.

आता आईंना समजावून सांगा. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितळ घासायची पावडर, यातलं काहीही या पदकाला लागता कामा नये. अमेरिकन टांकसाळीची ब्राँझ पदकं दाबून झाल्यावर त्यांच्यावर बारीक वाळूचा मारा करत आणि मग रसायनानं त्यांना तपकिरी छटा आणत. ती छटा घडणीचाच भाग आहे, मळ नव्हे. चिंचेनं तांब्याचा घडा उजळतो तसं पदकही उजळेल, पण चेहऱ्यावरची बारीक उठावाची रेघ आणि ती मूळ छटा दोन्ही जातील, आणि पुन्हा आणता येणार नाहीत. जाणकार गिऱ्हाईक असं घासलेलं पदक हातात घेऊन खाली ठेवतो. समजा आधीच घासलं गेलं असेल, तर डिस्टिल्ड वॉटरनं (ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी चालतं, ॲसिड नव्हे) पावडर आणि आम्ल धुऊन टाका, टिपून कोरडं करा आणि थांबा. बूटपॉलिश लावून किंवा गंधकाचा धूर देऊन जुनं दाखवायला जाऊ नका.

पावसाळ्याची सोय सोपी आहे. प्रत्येक पदकाला त्याच्या मापाची कडक प्लास्टिकची गोल डबी किंवा पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. ३ म्हणजे पीव्हीसी, तो नको. १ आणि ५ चालतात. या डब्या क्लिपच्या झाकणाच्या, त्रिकोणात ५ लिहिलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओल पिऊन भरलं की हिरवं होतं. निळं जेलही मिळतं, पण त्यातला कोबाल्ट आरोग्याला वाईट. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. ओव्हन नसेल तर एक जुनी कढई याच कामाला बाजूला काढा, मंद आचेवर रंग परतेपर्यंत हलवत राहा, आणि बंद बरणीत गार करूनच डब्यात घाला. आच जास्त झाली तर जेलचा रंग कायमचा जातो, मग ते भरलं की रिकामं हे कळत नाही. डब्यात एक छोटं आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला तर ब्राँझला आणि चांदीला निवांत. जुलै ते सप्टेंबर डबा दर आठवड्याला बघा, पण उगाच उघडू नका, दर उघडण्याला बाहेरची दमट हवा आत जाते.

रबरबँड, लोकर, मखमल, वर्तमानपत्र, डांबर गोळ्या, यातलं काहीच आत नको. रबर आणि लोकर गंधक सोडतात, कागद आम्ल सोडतो. तुमचं १९७७ चं पदक प्यूटरचं आहे, म्हणजे मुख्यतः कथील असलेली मिश्रधातू. ते मऊ असतं, नखाएवढ्या खड्याचाही ओरखडा उमटतो, म्हणून त्याला दुसऱ्या धातूशी खेटून ठेवू नका. प्लायवूडच्या किंवा कच्च्या लाकडाच्या पेटीत तर शिसं आणि प्यूटर ठेवूच नका, लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यावर पांढरट पूड धरते. लोखंडी कपाट चालेल, फक्त पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावलेलं नको.

आता तुमच्या हातात नेमकं काय आहे ते. अमेरिकेत १७९२ चा नाणे कायदा झाला तेव्हाच त्यात अट होती की टांकसाळीनं पाडलेल्या नाण्यांतून नमुने बाजूला काढायचे आणि बाहेरच्या माणसांनी ते वर्षातून एकदा तपासायचे. पहिली तपासणी १७९७ मध्ये झाली. पुढं ही मंडळी ‘असे कमिशन’ म्हणून ओळखली जाऊ लागली; इंग्रजीत ‘असे’ म्हणजे धातूचा कस तपासणं, तुमच्या पदकावरचा शब्द तोच. दर फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत बैठक भरायची, निरनिराळ्या टांकसाळींतून आलेली सीलबंद पाकिटं फोडायची, आणि सभासदांच्या तीन तुकड्या व्हायच्या. एक नाणी मोजायची, दुसरी तोलायची, तिसरी कस काढायची. सरकारी अधिकाऱ्यांसोबत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले सामान्य नागरिकही त्यात असत. त्यांना मानधनाऐवजी मान मिळायचा, आणि त्याची खूण म्हणून १८६० पासून पदक देऊ लागले. १८६२ ते १८६६ पदकं निघाली नाहीत. १८६७ पासून १९७७ पर्यंत दर वर्षी निघाली. अमेरिकेनं १९६५ मध्ये रोजच्या छोट्या नाण्यांतून चांदी काढून टाकली, तेव्हाच या तपासणीचा जीव गेला होता. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नागरिक सभासद नेमलेच नाहीत, आणि १९८० मध्ये कमिशन मोडीत निघालं. १९७७ ची प्यूटर पदकं मग लोकांनाही विकली गेली. म्हणूनच या मालिकेत सगळ्यात सहज मिळणारं पदक तेच आहे. तुमच्या भावानं ते आणलं यात नवल नाही. तांबूस पदकाची गोष्ट वेगळी आहे. ते कुणा एका सभासदाला हातात मिळालेलं असणार.

म्हणून त्याची कडा बघा. भिंगाखाली, उजेड बाजूनं धरून, कडेवरून पूर्ण एक फेरी मारा. काही पदकांवर सभासदाचं नाव कोरलेलं असतं. नाव सापडलं तर त्याची किंमत आणि कथा दोन्ही वाढतात, कारण टांकसाळ संचालकांच्या वार्षिक अहवालांत त्या त्या वर्षीच्या सभासदांची नावं छापलेली असतात आणि ते अहवाल आता इंटरनेटवर वाचता येतात. कडेवर फक्त नावच असतं असं नाही. १९३६ साली वॉशिंग्टन आणि रूझवेल्ट यांच्या आधीच तयार असलेल्या साच्यांची जोडी लावून पदक काढलं आणि कमिशनचा मजकूर कडेवरच घातला. कडा न बघणाऱ्याला ते दोन राष्ट्राध्यक्षांचं साधं पदक वाटतं.

अस्सलपणाचा निवाडाही कडाच बऱ्याच वेळा करते. ओतीव नकलेच्या कडेला साच्याच्या दोन भागांची शिवण असते, किंवा ती लपवण्यासाठी कानस मारल्याच्या समांतर रेघा असतात. ओतीव नकलेत अक्षरांचे कोपरे साबणासारखे गोल होतात आणि सपाट भागात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ते धातू थंड होताना अडकलेल्या हवेचे. दाबून घडवलेल्या पदकात अक्षर पृष्ठभागातून ताठ उभं राहतं. विजेनं थर चढवून केलेली नक्कल जास्त फसवी, कारण तिचं तोंड हुबेहूब असतं. पण ती दोन पातळ कवचं जोडून केलेली असते, म्हणून कडेच्या बरोबर मधून सांध्याची रेघ जाते आणि वजन चुकतं.

वजनाकडं येण्याआधी एक जुनी हकिकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात अशीच तपासणी तेराव्या शतकापासून होते, १२८२ पासूनच्या नोंदी आहेत, आणि ती आजही लंडनच्या सोनारांच्या सभागृहात दर वर्षी भरते. आयझॅक न्यूटन तिथल्या टांकसाळीचा प्रमुख असताना १७१० च्या तपासणीत त्याची सोन्याची नाणी कसाला कमी भरली. ज्या नमुना-पट्टीशी तुलना केली ती १७०७ ची पट्टीच गरजेपेक्षा जास्त शुद्ध आहे, असं न्यूटननं मांडलं, आणि त्याचं म्हणणं टिकलं. नाणं तपासण्याआधी माप तपासायला हवं, हे टांकसाळीच्या लोकांनाही असं भांडून ठरवावं लागलं.

तुम्हीही तेच करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा आणि डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, एवढ्यावर सुरुवात होते. काट्यासोबत १०० ग्रॅमचं वजन मिळतं, त्यानं काटा जुळवा. रोजच्या झटपट खात्रीसाठी २०१९ आधीच्या सालाची, चांगली न झिजलेली दहा रुपयांची नाणी पाच-सहा जमवून ठेवा. एकाचं ठरलेलं वजन ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर. सरासरी त्याच्या जवळ आली नाही तर पंखा बंद करा, काटा सपाट फरशीवर ठेवा आणि पुन्हा जुळवा.

चांदी म्हणून कुणी पुढं केलेली वस्तू घरच्या घरी ओळखता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू आधी कोरडी तोलून ठेवलेली असेलच. आता ती बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकती धरा, तळाला आणि भिंतीला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागा, घनता मिळाली. उदाहरण घ्या. वस्तू २५.०० ग्रॅमची आहे आणि पाण्यात आकडा २.४२ आला, तर घनता १०.३३, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास कसाची चांदी जुळते. तोच आकडा २.८९ आला तर घनता ८.६५, म्हणजे जर्मन सिल्व्हरचा पक्का संशय, आणि त्यात चांदी अजिबात नसते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, कथलाची ७.३, शिशाची ११.३४, हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ही चाचणी चुकते ती बुडबुड्यांमुळं. अक्षरांच्या खाचेत हवा अडकली की आकडा वाढतो आणि चांगली चांदी हलकी ठरते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, वस्तू एकदा हलवून घ्या. उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी नको, माठाशेजारी ठेवलेलं घरातलं पाणी घ्या. आणि लहान वस्तूवर फार भरवसा ठेवू नका, दोन-तीन ग्रॅमच्या नाण्यात काट्याच्या एका घराची चूक निकाल फिरवते. तुमचं ब्राँझ पदक मात्र पाण्यात घालू नका. त्याच्या छटेवर पाण्याचे डाग पडतील, आणि त्याचं वजन, व्यास, कडा एवढं पुरेसं आहे.

शंका राहिली तर यवतमाळला, अमरावतीला किंवा नागपूरच्या इतवारी सराफ्यात हॉलमार्किंग केंद्राकडं जा. तिथल्या एक्स-रे यंत्रावर वस्तूला धक्का न लागता धातूंची टक्केवारी मिळते. पण ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. तांब्यावर चांदीचा जाड मुलामा असेल तर ते चांदीच सांगेल. घनता आतलंही सांगते. दोन्ही निकाल जुळले तरच माना. सोनाराला कसोटीवर घासायला किंवा कानस लावायला देऊ नका.

संग्रह कसा वाढवायचा? अमेरिकेची सगळी पदकं जमवायचा नाद करू नका. शंभराहून जास्त वर्षांची मालिका आहे, एकेका वर्षाची पदकं मोजकी, आणि जुन्यांची किंमत लिलावातच ठरते. त्यापेक्षा तपासणीलाच विषय करा, कारण त्यातला निम्मा माल आपल्याच मातीत आहे. पदकं दोन-चार पुरतात, तीही १९५० नंतरची, मूळ डबीसकट मिळाली तर उत्तम. बाकी जागा आपल्या नाणेपारखीला द्या.

नागपूरकर भोसल्यांच्या काळातला नागपुरी रुपया बघा. त्यावर सराफांनी ठोकलेल्या लहान लहान खुणा असतात, चांद, फुली, ठिपके. सराफानं नाणं पारखलं की खूण ठोकायची, आणि वजनात किंवा कसात कमी असेल तर बट्टा लावूनच घ्यायचा. नाणं जमवणारे या खुणांना खोट समजून असे रुपये स्वस्तात सोडतात. तुमच्या विषयात हेच नाणं पहिल्या पंगतीचं. त्याशेजारी ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा रुपया ठेवा. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि कस बारातले अकरा भाग चांदी. या मापाच्या मागं कलकत्त्याच्या टांकसाळीचा कसपरीक्षक जेम्स प्रिन्सेप होता. ग्रेनचा अगदी बारीक अंश तोलणारा काटा त्यानं बनवला होता, आणि पुढं १८३७ मध्ये अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी वाचली तीही त्यानंच.

मग दोन रुपयांची एक जोडी लावा. पंचम जॉर्जचा १९१७ किंवा १९१८ चा रुपया, आणि सहाव्या जॉर्जचा १९४४ किंवा १९४५ चा. दोन्ही भरपूर मिळतात. पहिल्याची घनता १०.३ च्या वर येते. दुसऱ्यात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त, म्हणून ती साडेनऊच्या आसपास. युद्धात १९४० मध्ये सरकारनं कस उतरवला आणि खोटं नाणं करणाऱ्यांना अडवायला कडेत खास नक्षी घातली. हा सगळा इतिहास तुमच्या पाण्याच्या पेल्यात दिसेल. १९३९ चा रुपया मात्र कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका, तो दुर्मीळ आहे म्हणूनच त्याच्या नकला फिरतात. सोबत सोनाराचा जुना हातकाटा, पितळी बाटांचा डबा, कसोटीचा दगड मिळाला तर घ्या. मोडीत निघालेल्या दुकानांतून हे अजून किलोच्या भावानं जातं. एकदा नागपूरच्या अजब बंगल्यातली नाणी डोळ्यांखालून घाला. १८६३ चं ते संग्रहालय तुमच्यापासून एका दिवसात होण्यासारखं आहे.

राम दरबाराचं नाणं घेऊ नका. १८१८ ला कंपनीनं राम, सीता, लक्ष्मण, मारुती असलेलं नाणं कधीच पाडलं नाही. एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ लिहिलेले असे तुकडे अलीकडच्या काळात विकायला तयार केलेले आहेत, त्यावर १६१६, १७१७, १८१८ असे मनाला येतील ते आकडे असतात. मंदिरांत पूजेसाठी मिळणाऱ्या रामटंकांची परंपरा खरी आहे, पण त्यांचा कंपनीशी संबंध नाही. हाच माणूस पुढं तांदळाचे दाणे स्वतःकडं ओढणाऱ्या ‘चमत्कारी’ तांब्याच्या वस्तूची गोष्ट काढेल; ती सरळ फसवणूक आहे. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून आधी फी मागणारे फोन आले तर एक पैसा भरू नका. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की बँक अशा व्यवहारात नसते आणि कुणाला तशी परवानगीही देत नाही.

शेतात सापडलेल्या रुपयांबाबत जास्त सांभाळा. १८७८ च्या ठेव्यांच्या कायद्याप्रमाणं जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं: काय, किती, कुठं, कोणत्या तारखेला. न कळवता विकलं तर विकणारा अडकतो, आणि घेणाराही गोत्यात येतो. त्या माणसाला तहसीलला सोबत घेऊन जा, अर्ज लिहायला मदत करा. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला, आणि पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावं त्यातून पुढं आली. तो ठेवा गावोगाव सुट्टा विकला गेला असता तर ती नावं आज कुणाला ठाऊक नसती.

परदेशातून पुढचं पदक मागवाल तेव्हा पाठवणाऱ्याला पाकिटावर खरी किंमत लिहायला सांगा. कस्टम ड्युटी आणि टपाल धरूनच भाव पटतो का ते बघा. उलट दिशेनं मात्र कायदा कडक आहे: शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, भावाला भेट म्हणूनही नाही. पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडून चार गोष्टी मागा: दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा फोटो, ग्रॅममध्ये वजन, आणि मिलिमीटरमध्ये व्यास. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा.

आणि एक वही घाला. प्रत्येक वस्तूला क्रमांक, घेतल्याची तारीख, कुणाकडून, किती रुपयांना, वजन, व्यास, जाडी, कडा कशी, घनता काढली असेल तर आकडा, पावती. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. क्रमांक डबीच्या बाहेर चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, वस्तूवर शाई किंवा चिकटपट्टी नको. उन्हाळ्यात चिकटपट्टीचा डिंक वितळून पाझरतो. पहिल्या दोन नोंदी याच पदकांच्या करा. त्यात भावाचं नाव, त्यानं ती कुठून आणि केव्हा घेतली हेही त्याला फोन करून विचारून लिहा, आठवण ताजी आहे तोवर.